गुलाबी दुधावरची कॉफी

त्या उन्हाळ्यात जळगावातल्या मेहरूण भागात, आमच्या फ्लॅटमध्ये दोन बायका राहत होत्या, आणि दोघींचाही पाय घरात ठरत नव्हता. एक मी आणि दुसरी माझी सासू.

माझं कारण साधं होतं. ज्या शिकवणी वर्गात मी अकरा वर्षं नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवलं, तो मार्चमध्ये बंद झाला. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. नवरा नाशिकला नोकरीला, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी येणारा. सकाळी साडेनऊपर्यंत माझं सगळं आवरून व्हायचं आणि पुढे अख्खा दिवस पडलेला असायचा. मी फ्रीज उघडायची, आत बघायची, बंद करायची. गॅलरीत जायची, वाळलेले कपडे काढायची, घडी घालायची, पुन्हा फ्रीजपाशी. मोबाइल हातात घेतला की अंगठा आपोआप फिरत राहायचा आणि काय पाहिलं ते पाच मिनिटांनी आठवायचं नाही.

सासूबाईंना आमच्या गावात लहानथोर सगळे अक्का म्हणतात, त्यांचे दोन्ही मुलगेसुद्धा. म्हणून मीही अक्काच म्हणते. त्या रावेरकडच्या. लग्न होऊन आल्यापासून केळीच्या बागेत राबलेल्या. सासरे गेल्यावर शेत धाकट्या मुलाकडे, म्हणजे माझ्या दिराकडे आलं, पण बागेत कुठल्या झाडाचा घड कधी उतरवायचा हे अक्काच सांगायच्या. मग एका वर्षी पानांवर पिवळे पट्टे पडले आणि रोगामुळे अर्धी बाग उपटावी लागली. पुढच्या वर्षी राहिलेली वादळात आडवी झाली. दिराने ठरवलं, विहिरीजवळच्या दोन एकरांत आता केळी नको, ड्रॅगन फ्रूट लावायचं. सिमेंटचे खांब, वर गोल कडी आणि त्यावरून लोंबणारे काटेरी हिरवे फाटे. ज्या दिवशी जेसीबी आली, त्या दिवशी अक्कांनी चार लुगडी पिशवीत भरली आणि जळगावची बस धरली.

त्याला आता दोन वर्षं होत आली होती. अक्का एकदाही गावाकडे गेल्या नव्हत्या. दिराशी बोलत नव्हत्या. त्याचा फोन आला की पदर सावरत उठायच्या आणि मेहरूण तलावाकडे चालायला निघायच्या, मग बाहेर ऊन असो की काही. घरात असल्या की निवडलेली भाजी पुन्हा निवडायच्या. खाली सोसायटीच्या बागेत उकिडवं बसून तण काढायच्या. एकदा त्यांनी तणाबरोबर कुणीतरी हौसेने लावलेली शोभेची रोपंही उपटली, तेव्हा वॉचमन वर आला होता. "आजीबाईंना सांगा जरा," म्हणाला. मी सांगितलं. अक्का म्हणाल्या, "तेले फूल ना फळ. जागा खाते नुस्ती."

एप्रिलमध्ये मुलीने एक व्हिडिओ पाठवला. काचेचा ग्लास, खाली बर्फ घातलेलं गुलाबी दूध, वर फेटलेल्या कॉफीचा दाट तपकिरी फेस. "मम्मी, काकांच्या पावडरचं करून बघ ना," असं खाली लिहिलेलं. काकांची पावडर म्हणजे दिराने मागच्या पावसाळ्यातल्या पहिल्या फळांचे काप वाळवून, दळून केलेली भुकटी. गर्द गुलाबी, मधे मधे काळ्या बियांचे कण. त्याने मला दोन डबे पाठवले होते आणि मी ते वरच्या फळीवर, पापडाच्या डब्यामागे ठेवले होते. अक्कांना दिसू नयेत म्हणून.

मी करायला घेतलं. दोन चमचे कॉफी, दोन चमचे साखर, दोन चमचे कढत पाणी. काट्याने फेटायला लागले. पाच मिनिटं काहीच होत नव्हतं, नुसतं काळं पाणी भांड्यात फिरत होतं. हात दुखला, बदलला. मग रंग उतरायला लागला, काळ्याचा तांबूस, तांबूसचा बदामी, आणि फेस काट्याला धरून राहायला लागला. कितीतरी दिवसांनी मी वीस मिनिटं एका जागी उभी होते. दुसऱ्या भांड्यात गार दुधात दीड चमचा भुकटी ढवळली. दुधाचा रंग बघून मला एकटीलाच हसू आलं. ग्लासात बर्फ, त्यावर दूध, वर चमच्याने कॉफी. गुलाबी आणि तपकिरी यांच्यामध्ये एक स्वच्छ रेघ उभी राहिली.

तेवढ्यात अक्का तलावावरून आल्या. चेहरा उन्हाने लाल झालेला. त्यांनी ग्लासाकडे बघितलं.

"हे काय हाये?"

मी खरं सांगू शकले असते. पण त्यांना तहान लागली होती, मला कुणाला तरी ते द्यायचं होतं, आणि तोंडातून निघून गेलं, "गुलाबाचं सरबत घातलंय दुधात. वर कॉफी."

त्यांनी उभ्या उभ्या अर्धा ग्लास प्यायला. वरचा फेस ओठाला लागला, तो जिभेने पुसला. मग खुर्चीत बसल्या आणि राहिलेलं सावकाश प्यायल्या. अक्का आमच्या घरात खुर्चीत पाठ टेकून बसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

"उद्या बी कर," म्हणाल्या.

मी उद्याही केलं. परवाही. दुपारी चार वाजले की अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. काही बोलायच्या नाहीत, फक्त बर्फाचा ट्रे फ्रीजमधून काढून ओट्यावर ठेवायच्या. शेजारच्या बाईंना त्यांनी सांगितलं, "माही सून एक दूध करते, लय थंडावा देते." त्या बाईंनी मला पद्धत विचारली तेव्हा मी विषय बदलला. मला रोज चार वाजायच्या आत घाम सुटायचा. सांगून टाकावं असं वाटायचं, आणि सांगितलं तर त्या पुन्हा उन्हात निघून जातील असंही वाटायचं. भुकटी मी आता चहाच्या जुन्या डब्यात ओतून ठेवली होती. चाळिशी ओलांडलेली बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात चोरासारखी वावरत होती.

मेच्या पहिल्या आठवड्यात ते फुटलं. मी कॉफी फेटत होते, हात गुंतलेले, म्हणून आलेला फोन स्पीकरवर टाकला. दीर होता. "वहिनी, पावडर संपली असेल ना? तुमची मुलगी सांगत होती, तुम्ही रोज करताय. अजून दोन डबे पाठवू का? आणि अक्काला आवडतंय म्हणे, खरं का?"

अक्का दारातच उभ्या होत्या. हातात बर्फाचा ट्रे.

मी फोन बंद केला. त्यांनी ट्रे ओट्यावर ठेवला, अगदी हळू, जसा रोज ठेवायच्या तसा. मग चहाचा तो जुना डबा उघडला, आत बघितलं, झाकण लावलं.

"तू मले खोटं सांगलं," एवढंच म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

त्यानंतर चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्या हातचा चहा घेतला नाही. स्वतः उठून करायच्या, पातेलं घासून ठेवायच्या. मी दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. तिसऱ्यांदा आत गेले, म्हटलं, "अक्का, चुकलं माझं." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "जाय, काम कर तुहं." काम कुठलं करू? घरात काम उरलंच नव्हतं.

त्याच दिवसांत दिराचा पुन्हा फोन आला. धुळ्याला शेतमालाचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं, त्याने स्टॉल घेतला होता. भुकटी बाटल्यांत भरून तयार होती, पण नुसती भुकटी कोण घेणार? "तुम्ही ते दूध करून लोकांना चाखवा, वहिनी. मला ते जमणार नाही." धुळं माझं माहेर. भावाच्या घरी राहता येणार होतं. मी लगेच हो म्हटलं, आणि मग लक्षात आलं की अक्कांना एकटीला घरी कसं ठेवायचं.

मी त्यांना विचारलं. खरं काय ते सगळं सांगितलं, कुणाचा स्टॉल, कशाचा, मी काय करणार आहे. त्यांनी पुढ्यातली भाजी पुन्हा निवडायला घेतली. मग म्हणाल्या, "तुह्या माहेरी येते. त्याच्या स्टॉलवर जानार नाही."

पण पहिल्या दिवशी माझ्या भावाच्या घरचे सगळे कामाला निघून गेल्यावर त्या तिथे किती वेळ बसणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षात बसत होते, तेव्हा त्या येऊन शेजारी बसल्या. "घरात बसून बसून पाय धरले," म्हणाल्या. 

मंडपात उकाडा असा होता की श्वास घेतला तरी गरम लागायचा. दीर आम्हाला बघून उठला. दोन वर्षांत त्याच्या कानशिलाचे केस पांढरे झाले होते. "ये अक्का," म्हणाला. अक्कांनी एक प्लास्टिकची खुर्ची उचलली, स्टॉलच्या मागच्या कोपऱ्यात नेली आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या. समोर त्यांना फक्त मंडपाचं पांढरं कापड दिसत असणार.

मी पहिल्या दिवसापासून विजेच्या बीटरने कॉफी फेटत होते. ते सोपं होतं, चार मिनिटांत फेस. छोट्या कागदी कपांत थोडं थोडं दूध, वर फेसाचा ठिपका. लोक थांबायचे, ते रंगासाठी. शिंदखेड्याच्या तीन बायका आल्या होत्या, त्यातली एक कपात बघून म्हणाली, "हाई काय शे व माय? रंगपंचमीना रंग शे का?" तिच्या मैत्रिणी हसल्या. तिने घोट घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाली, "गोड शे. पन फळ कोनतं?" मी समोरच्या टोपलीतलं लाल फळ दाखवलं. तिने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं, जसं काही त्याला शेपूट असेल.

चारच्या सुमाराला मंडपाची वीज गेली. पंखे थांबले, बीटर थांबला. समोर सुट्टीतल्या प्रशिक्षणाच्या बसमधून उतरलेल्या शिक्षिकांचा घोळका उभा, आणि माझ्या भांड्यात कॉफीचं नुसतं काळं पाणी. मी काटा घेतला आणि फेटायला लागले. घाम कपाळावरून डोळ्यांत यायला लागला. त्या उकाड्यात फेस उभाच राहीना. दीर जनरेटरवाल्याकडे पळाला. शिक्षिका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी हात बदलला, पुन्हा बदलला. काही उपयोग नाही.

"किती वेळची ऐकू र्‍हायली मी," मागून आवाज आला. "घुसळता येत नाही का तुले?"

अक्का उठल्या होत्या. त्या माझ्याकडे न येता शेजारच्या स्टॉलवर गेल्या. तिथे एक जण लाकडी पोळपाट, लाटणी, पळ्या विकत होता. अक्कांनी टांगलेल्या चार-पाच रव्या हाताने चाचपल्या, एक निवडली, त्याला म्हणाल्या, "धुऊन देते परत," आणि घेऊन आल्या. बर्फाच्या पातेल्यात त्यांनी एक उभट डबा रुतवला, माझं काळं पाणी त्यात ओतलं, खाली सतरंजीवर बसल्या, पातेलं दोन्ही पावलांत धरलं आणि दोन तळव्यांत रवी फिरवायला लागल्या.

मी नुसती बघत राहिले. हातांची ती सवय मी गावाकडे पहाटे ताक होताना पाहिलेली होती, पण तेव्हा मी नवी सून होते आणि झोपेत असायची. आता मी नीट पाहिलं. मनगटं हलत नव्हती, नुसते तळवे पुढेमागे जात होते, आणि रवी डब्यात गुरगुरत होती. खाली बर्फ, म्हणून फेस उभा राहायला लागला. शिक्षिका वाकून बघायला लागल्या. एकीने मोबाइल काढला.

"आजी, हे फळ तुमच्या शेतातलं का?" तिने विचारलं.

दीर तेवढ्यात परत येऊन माझ्या मागे उभा राहिला होता.

अक्कांनी रवी थांबवली नाही. "शेत माहं हाये. फळ माह्या पोराचं. माही केळी उपटून लावलं त्यानं."

"मग चांगलं आहे का?"

"दूध चांगलं लागते," अक्का म्हणाल्या. "मी महिनाभर पेली. मले सांगलंच नव्हतं कोनी, कशाचं हाये."

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. दीरही नाही. अक्कांनी डबा माझ्यापुढे सरकवला, आणि मग दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी धाकट्या मुलाकडे मान वर करून बघितलं.

"पावडरीत गोळे हायेत. चाळली नाही का?"

"चाळली, अक्का."

"काय चाळली. दुधात गोळे फिरू र्‍हायले."

"दमट झाली असेल. उद्या परत चाळून आणतो."

"उद्या कायले? आता चाळ. चाळनी हाये त्याच्याकडं." त्यांनी शेजारच्या स्टॉलकडे बोट दाखवलं.

दीर चाळणी घेऊन आला. एवढा मोठा माणूस वर्तमानपत्र अंथरून सगळ्या लोकांसमोर भुकटी चाळत बसला. बोटं, बाह्या, पँटचे गुडघे, सगळं गुलाबी झालं. अक्का घुसळत होत्या. मी कप भरत होते. तासाभराने वीज आली, पण बीटर पुन्हा कुणी लावला नाही.

तिसऱ्या दिवशी अक्का सर्वांच्या आधी तयार होऊन रिक्षाची वाट बघत होत्या. त्या दिवशी मी एक पूर्ण ग्लास त्यांच्यासाठी केला, बर्फ घालून, वर दाट फेस घालून, आणि त्यांच्यापुढे ठेवला. यावेळी डबा उघडा ठेवून, त्यांच्यासमोर. त्यांनी ग्लासाकडे बघितलं आणि तो समोर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना दिला. "पेली तेवढी बस झाली," म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये पारोळा गेल्यावर मी पुन्हा माफी मागितली. खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा होता आणि त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. मला वाटलं, झोपल्या. एरंडोलच्या आसपास त्या पदराआडूनच बोलल्या.

"तू खोटं बोलली ते बोलली. त्याचं काही नाही. पन मी रोज येऊन उभी राहायची ना दारात. मागायची. ते लागलं मले."

त्यांच्या रागाचं कारण मी एवढे दिवस चुकीचंच धरलं होतं. मला वाटलं होतं, मी फसवलं म्हणून त्या चिडल्या. त्या स्वतःवर चिडल्या होत्या. ज्या फळाचं तोंड बघायचं नाही म्हणून घर सोडलं, त्याचीच चार वाजता वाट बघत बसायच्या.

जूनमध्ये पेरणीच्या आधी अक्का गावी गेल्या. कुणी बोलवायला आलं नाही, त्यांनीही काही जाहीर केलं नाही. सकाळी पिशवी भरली, मला म्हणाल्या, "स्टँडवर सोड." बसमध्ये बसल्यावर खिडकीतून म्हणाल्या, "नीट खात जाय."

मग फ्लॅटमध्ये मी एकटी. आधीपेक्षा वाईट झालं. चार वाजले की हात शिवशिवायचे. एक-दोनदा मी कॉफी फेटली, ग्लास भरला आणि तसाच सिंकमध्ये ओतून दिला. शेवटी शेजारच्या बाईंच्या मुलीला विज्ञान शिकवायला लागले, मग तिच्या दोन मैत्रिणी आल्या, आता सहा जणी आहेत. जेवणाच्या टेबलाभोवती दाटीवाटीने बसतात. वर्ग म्हणावा असं ते काही नाही, पण दुपार सरते. दिराची भुकटी धुळ्यात ठीकठाक खपली, त्यातून त्याला मोठं काही मिळालं असं नाही. त्या पावसाळ्यात त्याने अर्धी फळं तशीच ताजी बाजारात पाठवली.

श्रावणात मी गावी गेले. सकाळी साडेपाचला जाग आली तर अक्कांचं अंथरूण रिकामं. शेतात गेले. ड्रॅगन फ्रूटला फुलं आली होती, वीतभर लांब, पांढरी, ताटासारखी उघडलेली. मी ती फोटोत पाहिली होती, पण समोर ती फोटोतल्यापेक्षा मोठी होती. ओल्या मातीतून चालत गेले. तिसऱ्या ओळीत अक्का होत्या. एका हातात वाटी आणि दुसऱ्यात रंगकामाचा लहान ब्रश. फुलातला पिवळा पराग वाटीत झाडायच्या आणि दुसऱ्या फुलाच्या मधल्या तुऱ्याला लावायच्या.

"हे काय करता?"

"मधमाशा कमी हायेत औंदा. तुहा दीर म्हने, हातानं करा लागते. आन् त्याले सकाळी उठवत नाही." त्या पुढच्या फुलाकडे सरकल्या. "केळीले असं काही लागत नव्हतं. केळी आपली आपन येते."

"मग नका करू."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी फारच खुळं बोलले. "फुलं काय वाट पाहतात? ऊन आलं की मिटून जातात." बांधावर ठेवलेल्या पिशवीतून त्यांनी आणखी एक ब्रश काढला आणि माझ्या हातात दिला. "उभी कायले राहिली? पलीकडची ओळ घे."

मी पलीकडची ओळ घेतली. पहिल्याच खांबापाशी बोटात काटा गेला.